दोन उत्तरं आली, त्यातलं एक खोटं

आमच्या घरात माझ्याइतका कच्चा विद्यार्थी दुसरा मिळणार नव्हता, म्हणून नातीने मलाच पकडलं. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कळलं म्हणजे शेवटच्या बाकाला कळलं." मला राग आला. मी चौथी पास आहे. मास्तरांनी मला कधीच शेवटच्या बाकावर बसवलं नाही, कारण आमच्या गावच्या शाळेत बाकंच नव्हती. तसं मी तिला तोंडावर सांगितलं. ती हसली आणि खडू घेऊन माझ्या पुढ्यात उभी राहिली.

हे दिवाळीनंतरचं. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आम्ही तिघं: मी, सून आणि ही नात. मुलगा गेला तेव्हा नात सातवीत होती. सून पोळी-भाजी केंद्रात कामाला जाते, पोळ्या लाटते. तिच्या मनगटाला कायम पट्टा बांधलेला असतो. त्या मनगटावर पोरीने बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, शिक्षकांची ती पात्रता परीक्षा असते तीही काढली. एवढं करून नोकरी काय, तर परळच्या एका मराठी शाळेत तासिकांवर गणित. म्हणजे फळ्यासमोर उभी आहेस तोवर तू बाई, तास संपला की तू कोणी नाही. तेही ती आनंदाने करत होती. मग शाळेतली मुलं आणखी कमी झाली, दोन तुकड्यांची एक झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला सांगितलं, सायन्सचे सरच आता गणित घेतील, तुम्ही येऊ नका.

त्याच सुमारास दादरच्या एका शाळेत एक जागा निघाली. पक्की. तिथे मुलाखतीच्या आधी डेमो द्यायचा होता. डेमो म्हणजे मुलाखत घेणारे लोक वर्गात बसतात आणि उमेदवाराने त्यांना मुलं समजून शिकवायचं. विषय शाळेनेच दिला होता: वर्गमूळ असलेलं समीकरण सोडवायला दहावीच्या मुलांना शिकवा.

इकडे सुनेने हिंदमाताला एका साडीच्या दुकानात नातीसाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथला शेठ महिनाअखेरपर्यंत थांबणार होता.

नात जेवताना म्हणाली, "ही जागा मिळाली तर ठीक. नाय मिळाली तर मी दुकानात जाते. मग परत फळ्याचं नाव काढणार नाय. आई, तू पण काढायचं नाय."

सून म्हणाली, "असं कशाला बोलतेस?"

"किती वर्षं तासिका तासिका करू?"

मी घास तसाच धरून बसलो. पोरगी माझ्यावर गेलीय. मी गिरणीच्या संपानंतर एकदा म्हणालो होतो की त्या गेटातून पुन्हा आत जाणार नाही, आणि गेलो नाही. लोक गेले, मी गेलो नाही. त्यामुळे तिचं बोलणं ऐकून सुनेला वाईट वाटलं असेल, मला भीती वाटली.

तर मी विद्यार्थी झालो. कपाटाच्या दाराला तिने आतून काळा रंग मारला, तो आमचा फळा. सून कामावरून यायच्या आत रोज संध्याकाळी शाळा भरायची. शेजारपाजारचे डोकावून जायचे. एकाने विचारलंदेखील, "काय आबा, आता दहावीला बसताव काय?" मी म्हटलं, "होय, तुझ्या बापाला पण पाठव, दोघं मिळून बसतो."

समीकरण तिने असं सांगितलं. एक आकडा आहे, तो आपल्याला माहीत नाही, त्याला एक्स म्हणू. एक्समध्ये सात मिळवा आणि त्याचं वर्गमूळ काढा. जे येईल ते एक्समधून पाच वजा केल्याइतकंच आहे. तर एक्स किती?

मी पहिल्यांदा वर्गमूळ म्हणजे काय तेच विचारलं. त्याला तिने तोंड वाकडं केलं नाही. सोळाचं चार, नवाचं तीन, पंचवीसचं पाच. ते मला लगेच कळलं. मग ती म्हणाली, वर्गमूळ नकोसं झालंय, तर दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा, म्हणजे ते चिन्ह जातं. मग खाली बरंच काही लिहीत गेली. ते सगळं मला आलं असं मी म्हणणार नाही, पण ती प्रत्येक पायरीवर थांबायची, आणि मी बघत होतो की कुठे लबाडी नाही. शेवटी उत्तरं आली दोन. नऊ आणि दोन.

मला बरं वाटलं. एवढ्या मेहनतीला दोन उत्तरं, वाईट नाही.

मग तिने पडताळा घेतला. नऊ घातला: नऊ आणि सात सोळा, त्याचं वर्गमूळ चार. नवातून पाच गेले, चार. जमलं. दोन घातला: दोन आणि सात नऊ, त्याचं तीन. दोनातून पाच गेले, वजा तीन. एकीकडे तीन, एकीकडे वजा तीन. तिने दोनावर सरळ काट मारली.

"दोन ही खोटी उकल. टाकून द्यायची. कळलं?"

"माका कळूक नाय," मी माझ्या मालवणीत म्हटलं.

"काय नाही कळलं?"

"आपण खंय चुकलो?"

"कुठेच नाही."

"मग हो दोन इलो खंयसून?"

"आला. येतो. म्हणून तर पडताळा घ्यायचा."

"तू माका चोर पकडूक शिकवतंस. माका विचारूचा हा, तो घरात शिरलो कसो? दार कोणी उघडल्यान?"

तिने पुस्तक उघडून बघितलं. मग म्हणाली, पुस्तकात एवढंच दिलंय. मी म्हटलं, पुस्तकात असेल, मला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ती वेगवेगळं समीकरण आणायची, सुंदर अक्षरात लिहायची, एक खरं उत्तर यायचं, एक खोटं, आणि खोट्यावर काट. कळलं? कळूक नाय. एकदा चिडून तिने खडू आपटला. "तुम्हाला नुसता हट्ट करायचाय!" सून तेवढ्यात दारात आली होती. तिने पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "बाबा, परीक्षा तिची हाय. तुमची नाय. एकदा हो म्हणा नि सोडा बिचारीला."

हो म्हणणं सोपं होतं. पण मी गिरणीच्या रंगखात्यात आयुष्य काढलं. तिथे साहेब यायचा, नव्या रंगाचं काहीतरी अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी सांगायचा आणि ओरडायचा, "समझा?" आम्ही सगळे, "हां साब!" कोणालाही काही समजलेलं नसायचं. समजलं नाही म्हणणं म्हणजे लाज. संध्याकाळी माल डागाळून बाहेर आला की शिव्या आम्हालाच. ते मी नातीला सांगितलं. म्हटलं, बाय, हो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नको. हो म्हणाला ना, त्याला उभा कर आणि सांगायला लाव. सांगता आलं तर कळलं. नाही तर ते हो फुकटचं.

ती ऐकत होती. डोळे बारीक करून ऐकते, लहानपणापासून. त्या दिवशी तिने फळा पुसला आणि पुढचं काही लिहिलंच नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी आली ती चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली.

"आजोबा, रंगखात्यात तुमच्याकडे दोन तागे आले. एक लाल, एक पांढरा. दोन्ही काळ्या रंगाच्या हौदात बुडवले. बाहेर काढले. आता लाल कुठला होता, सांगाल?"

"कसो सांगतलंय? दोनव काळे."

"तीन आणि वजा तीन. तिनाचा वर्ग नऊ. वजा तिनाचा वर्ग?"

"नऊच. मागेच सांगितलंस ना."

"मग वर्ग करणं म्हणजे काय झालं?"

आमचा तो हौद मला दिसायला लागला, वरची वाफ, तो वास.

"काळो हौद," मी म्हटलं.

"आपण दोन्ही बाजू हौदात बुडवल्या. आता जे खरोखर सारखे होते तेही काळे आणि जे एकमेकांच्या उलटे होते तेही काळे. पुढे आपण सगळं बरोबर केलं, पण काळ्या कपड्यावर केलं. म्हणून शेवटी दोघंही दारात येऊन उभे राहतात. दोघंही म्हणतात, मीच तो."

"आणि पडताळो म्हणजे मूळ कपडो बघणा. बुडवच्या आधीचो."

"हो!"

"कळला गो बाय माका."

"नाही. सांगा आधी. मला वर्गातली मुलगी समजा आणि सांगा."

मी उठलो, खडू घेतला, आणि सांगितलं. या वयात मला एक गोष्ट मुळापासून कळली होती आणि ती माझ्या नातीने कळवली होती. बी.एड.च्या पुस्तकात तो हौद नव्हता. तो तिने कुठून तरी चालता चालता शोधून आणला होता, मी हो म्हणत नाही म्हणून. असा शिक्षक कोणाला नको असेल, असं मला वाटलं. मला जगाचं काय कळतं ते त्यावरून बघा.

डेमोच्या दिवशी मी म्हटलं, मी येणार. ती म्हणाली, "आजोबा, मुलगी बघायला नाय चाललोय आपण." मी ऐकलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. शाळेतल्या शिपायाने मला वर्गाच्या बाहेर स्टूल दिलं. दार अर्धं उघडं होतं, तिथून फळा दिसत होता आणि बाकांवरची तीन माणसं पाठमोरी दिसत होती. एक मुख्याध्यापिका बाई, एक संस्थेचे कोटवाले गृहस्थ आणि एक टक्कल पडलेले गणिताचे सर. मुलांच्या बाकात त्यांचे गुडघे मावत नव्हते.

"आम्ही दहावीतली मुलं," मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या. "हं, बाई, शिकवा."

तिने शिकवायला सुरुवात केली. मी अभिमानाने सांगत नाही, जे ऐकलं ते सांगतो: आवाज कुठे कापला नाही. तेच समीकरण, नऊ आणि दोनचं. पायऱ्या उतरत आली, पडताळा घेतला, दोनावर काट मारली आणि वळून विचारलं, "कळलं?"

"होऽऽऽ!" तिघेही मुलांसारखे एका सुरात ओरडले आणि आपसात हसले.

ती तशीच उभी राहिली. हातात खडू. मला बाहेर कळलं आता काय होणार ते.

"मग सांगा बघू," ती कोटवाल्यांना म्हणाली, "दोन का टाकला?"

"मॅडम, हो म्हटलं ना आम्ही. पुढचं घ्या."

"सर, तुम्ही आत्ता विद्यार्थी आहात ना?"

मुख्याध्यापिका पुन्हा हसल्या, पण आता जरा कमी. कोटवाल्यांनी मान एका बाजूला केली. "टाकला कारण... पडताळ्यात बसला नाही. नियम आहे तो."

"पण आपण कुठेच चुकलो नव्हतो. मग तो आला कुठून?"

कोटवाल्यांनी मुख्याध्यापिकांकडे बघितलं. मी स्टुलावर बसून मनातल्या मनात सांगत होतो, बाय, पुढे चल. असू दे. त्यांनी हो म्हटलंय ना, ते घे आणि पुढचं गणित लिही. मीच तिला शिकवलं होतं की हो घेऊ नको. त्या घटकेला मला वाटत होतं की तिने ते कसंही करून घ्यावं.

तिने घेतलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात दोन चौकोन काढले, हे दोन कापडाचे तागे म्हणाली, आणि हौद सांगायला लागली. सावकाश, मला सांगितला तसाच. गणिताच्या सरांनी घड्याळ बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, मग पुन्हा घड्याळ. हौद संपला तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान. वेळ संपली." तिला आणखी दोन प्रकारची समीकरणं घ्यायची होती. ती तिच्या टाचणात तशीच राहिली.

मुलाखत झाल्यावर ते टक्कलवाले सर बाहेर आले. तिच्या मागोमाग आले, म्हणजे मुद्दाम आले.

"शिकवतेस चांगलं," ते म्हणाले. "पण पस्तीस मिनिटांचा तास असतो. मार्चमध्ये परीक्षा. एका गणितावर तास घातलास तर भाग कधी संपवणार?"

"सर, हे एक मुळापासून कळलं तर पुढची..."

"माहितीय मला." त्यांनी हात वर केला. "मला माहीत नाही असं वाटतं का तुला? पण पालक विचारतात, क्लासवाल्यांचं झालं, तुमचं का नाही." मग माझ्याकडे वळले. "आजोबा का? नात हुशार आहे हो."

"मग घेवा ना तिका," मी म्हटलं.

मी जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही. मुलगा आजारी होता तेव्हाही नाही. आणि तिथे, शाळेच्या व्हरांड्यात, इस्त्रीच्या शर्टात, मी एका परक्या माणसाला म्हटलं, घ्या. मराठीत म्हणायचं होतं, तोंडातून मालवणीच आलं. ते सर बुटांकडे बघायला लागले. नातीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "चला आजोबा."

जागा दुसरीला मिळाली. फोन आला नाही. नातीनेच फोन करून विचारलं तेव्हा सांगितलं.

सुनेने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला आणि मग एकदम बोलली. "तुमच्यामुळे झालं. पोरगी नीट शिकवत होती. तुम्ही तिला नाय नाय करून त्या एका गणितात गाडलीत."

"माका कळलेला नव्हता. ता सांगणा गुन्हो काय?"

"कुठे काय सांगायचं ते कळायला हवं माणसाला!"

मी आजही म्हणेन, मला कळलं नव्हतं आणि मी ते सांगितलं. पण त्या दिवशी मी पुढे बोललो नाही, कारण नात मोरीजवळ उभी होती आणि तिने आमच्या दोघांकडेही बघितलं नाही. तिने भांडायला हवं होतं. तिने म्हणायला हवं होतं, आजोबा, तुम्ही माझं वाटोळं केलंत. मी उत्तर दिलं असतं. ती नुसती म्हणाली, "आई, जाऊ दे ना. उद्या शेठकडे किती वाजता जायचं?"

बोलली तसं तिने केलं. महिना संपला आणि ती दुकानात उभी राहायला लागली. खरंच उभी, तिथे काम करणाऱ्या मुलींना बसायला काही नसतं. चाळीतली एक बाई मुलाच्या शिकवणीचं विचारायला आली, तिला दारातूनच नाही सांगितलं. गणिताची पुस्तकं तिने शेजारच्या मुलाला देऊन टाकली. मी एकदा मुद्दाम विचारलं, दोन वर्गमुळं असली तर दोनदा बुडवायचं काय? ती पाय दाबत बसली होती. म्हणाली, "आजोबा, मला नाही माहीत." तिला माहीत होतं.

जानेवारीत एका दुपारी मी हिंदमाताला गेलो. काम काही नव्हतं. तिने मला सांगितलं होतं, दुकानात येऊ नका, म्हणूनही गेलो असेन. शेठने गिऱ्हाइकाच्या गादीवर बसायला सांगितलं, चहा मागवू का विचारलं. चांगला माणूस आहे. नात समोर दोन बायकांना साड्या उलगडून दाखवत होती, खांद्यावर पदर टाकून आरशात बघत होती. हात सराईत झाले होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाई!"

दोन वेण्यांची मुलगी आणि तिची आई. परळच्या त्या शाळेतली मुलगी, दहावीची. निरोप समारंभाला मुली साड्या नेसतात, त्यासाठी आली होती. धावत येऊन नातीसमोर उभी राहिली.

"बाई, तुम्ही इथे?"

"हो. बस. कशी आहेस?"

आई म्हणाली, "ह्याच काय गो तुझ्या गणिताच्या बाई?" आणि तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. वाईट मनाने नाही, नुसतं बघितलं.

"बाई, सायन्सचे सर फार भरभर घेतात," मुलगी सांगायला लागली. "वर्गमूळवालं मला अजून येतच नाही. दोन उत्तरं येतात ना, त्यातलं एक खोटं कसं काय होतं? सर म्हणतात, विचारू नको, खोड."

नातीच्या हातात अर्धी उलगडलेली साडी होती. मी गादीवरून पुढे सरकलो. मला वाटलं, आता बोलेल. तिथे सगळं कापडच होतं, लाल, पांढरं, काळं, हात लांब केला की मिळेल असं. शेठ गल्ल्यावरून बघत होता, पण रागाने नाही. पाच मिनिटं त्याने दिली असती.

"सरांना विचार," नात म्हणाली. "परत परत विचार." आणि मुलीच्या आईकडे वळली. "काठाची दाखवू की डिझायनर?"

मुलगी माझ्या शेजारी गादीवर येऊन बसली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी तोंड उघडलं. नातीने साड्यांच्या ढिगावरून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी मिटलं. त्या दुकानात ते सांगू शकणारी आम्ही दोन माणसं होतो.

आईला हिरवी आवडली. मुलीने पदर लावून आरशात पाहिलं आणि विचारलं, "बाई, बरी दिसते?"

"छान दिसते," नात म्हणाली, साडीची घडी घातली आणि ती बिलाला पाठवून दिली.